हसणारी बाई

टोकियो
२ सप्टेंबर २००३

प्रिय कात्सुए,

सप्टेंबर लागला तरी इथला उकाडा हटायला तयार नाही. तुमच्याकडे समुद्राचा वारा तरी असेल. आई कशी आहे, भावोजी कसे आहेत, वाळलेल्या समुद्रशेवाळाला यंदा गिऱ्हाईक आहे का, असं सगळं एका दमात विचारून घेतो, म्हणजे शिष्टाचार आटोपले आणि मी बढाया मारायला मोकळा झालो.

माझं मोठं प्रदर्शन लागलंय. चाळीस वर्षांत जे जे केलं ते सगळं एका छपराखाली. पोस्टरं, गाण्यांच्या तबकड्यांची वेष्टनं, बड्या दुकानांच्या पिशव्या, कॅरॅमलचे डबे आणि मी रंगवलेली ती ट्रामसुद्धा. मेलेल्या माणसाचं करतात ते माझं जिवंतपणीच उरकताहेत. निशिना नावाची एक तरुण मुलगी संग्रहालयातर्फे हे सगळं बघते. तिने माझ्या घरचे सगळे खण उपसून नेले. ‘सर, कलेचं मूळ लोकांना दिसायला हवं,’ म्हणते. मी म्हटलं, ने बाई, माझी झाडलोट तरी होईल. बाबांच्या औषधाच्या पुड्यासुद्धा काचेत मांडल्यात. त्यांच्यावर छापलेले मिशाळ राक्षस, लाल-पिवळे रंग, सगळं. टीकाकार लिहितात की मुरोया यासुहिरो अमेरिकेकडून शिकला. अरे, तोयामाच्या एका औषधविक्याच्या पाठीवरच्या पेटाऱ्यातून शिकला!

आता मुद्दा. नोव्हेंबरात हेच प्रदर्शन आपल्या नामेरिकावाला येतंय. महापौरांची इच्छा आहे की फीत आईने कापावी. तिचं अठ्ठ्याऐंशीवं वर्ष, गावाला तेवढंच निमित्त. तर तू आधी इथे येऊन बघून जा, म्हणजे चाकाची खुर्ची कुठून कुठे न्यायची ते तुला कळेल. तिकिटं सोबत आहेत. मी तेव्हा ओसाकाला असेन, त्यामुळे माझी बडबड ऐकावी लागणार नाही.

आईला माझा नमस्कार सांग. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हटलं की अजून माझी जीभ टाळ्याला चिकटते. चौसष्टीचा घोडा झालो तरी. तू हसशील, पण आहे हे असं आहे.

तुझा,
यासुहिरो

*

नामेरिकावा
१६ सप्टेंबर २००३

दादा,

उकाड्याची आणि तब्येतीची विचारपूस आज नाही. शिष्टाचार गेले खड्ड्यात. फोनही करू नकोस, मी उचलणार नाही. मला तुझी बडबड नको, कागदावर उत्तर हवंय.

काल मी टोकियोहून परत आले. यूझावाला गाडी बदलायची तर भलत्याच फलाटावर जाऊन बसले. स्टेशनवरच्या माणसाने हाताला धरून आणलं. इतकी माझी मती गुंग झाली होती.

आधी कौतुक सांगते, कारण ते खरं होतं. सकाळपासून रांग होती. केस निळे केलेली पोरंपोरी तुझं नाव घेत होती. बाबांच्या पुड्यांपाशी मी उभी राहिले आणि मला भरून आलं. शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगूनसुद्धा टाकलं, ‘हे माझे वडील बरं का.’ ती बिचारी राक्षसाच्या मिशा बघून घाबरली असेल.

मग तो मोठा दालनभर पसारा. अख्ख्या भिंतीवर तुझी ‘हसणारी बाई’. नारिंगीवर गुलाबी, ठिपक्याठिपक्यांची, दारातून माणूस आत जाईल एवढं तिचं तोंड. तिच्यासमोर कुणाला गंभीर राहताच येत नाही. म्हातारेसुद्धा खुदुखुदु हसत होते. मीही हसले. आमचे हे लग्नाआधी म्हणायचे, ‘तू हसलीस की थेट कॅरॅमलच्या डब्यावरची बाई.’ मला त्याचा राग यायचा, कारण तू टीव्हीवर सांगितलं होतंस की ती गिंझाच्या कुठल्याशा बारमधली बाई आहे.

तिथेच एक फळी उभी केली आहे. त्या बाईचं चित्र आणि चेहऱ्याच्या जागी भोक. संग्रहालयाचं जाकीट घातलेली एक पोरगी सगळ्यांना पकडत होती. मला म्हणाली, ‘मावशी, घाला की तोंड! मोठ्ठा आ करा!’ मी घातलं. आ केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने तिथल्या तिथे फोटो काढून माझ्या हातात दिला, आणि तो वाळवण्यासाठी हलवत हलवत मी शेजारच्या काचेच्या पेटीपाशी गेले.

पेटीत आपल्या घरापुढचा फोटो होता. आपल्या शिगेरुला शेवटचं नेलं त्या दिवसाचा. आपल्या अल्बममध्ये आहे तोच. पुढे त्याची छोटी शवपेटी, सात वर्षांच्या पोराची ती केवढी असणार. मागे काका, दोन्ही मामा, शेजारीपाजारी. पहिल्या रांगेत हातात कागदी कमळ धरलेली मी, पाच वर्षांची. बाबा तेव्हा क्यूशूला औषधं पोचवत फिरत होते, त्यांना तार मिळाली नव्हती. आणि आई नाही, कारण लेकरू आधी गेलं तर आईबापांनी त्याच्या पेटीमागून जायचं नाही, ही आपली रीत. हा फोटो मी शंभरदा बघितला असेल. आई त्यात नाहीच, असंच मी धरून चालले होते.

काकांच्या खांद्यावरून मागे दाराचा अंधार दिसतो. त्या अंधारात कुणीतरी लाल पेन्सिलीने गोल केलाय. गोलात तांदळाच्या दाण्याएवढा एक चेहरा.

दादा, ती आई आहे.

मी गोलाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग हातातल्या माझ्या फोटोकडे. माझे डोळे हसून बारीक झालेत. तिचे टक्क उघडे आहेत. तसे डोळे करून जगात कुणी हसत नाही. आई रडतेय. पोराची पेटी दारातून निघालीय आणि ती आत उभी राहून रडतेय. आणि तू ते रडणं गुलाबी रंगवलंस, कॅरॅमलच्या डब्यावर विकलंस, आणि आता त्याला भोक पाडून त्यात लोकांची तोंडं घालतोयस. माझंही घातलंस.

तिथल्या बाकावर मी किती वेळ बसून होते कोण जाणे. ती जाकीटवाली पोरगी पाणी घेऊन आली. ‘मावशी, उकाड्याने झालं का?’ मी म्हटलं, हो.

सगळ्या जगात तुला दुसरं कुणी मिळालं नाही? आता नीट ऐक. नोव्हेंबरात ते चित्र इथे आलं तर मी आईला आणणार नाही. सगळ्या गावासमोर महापौर तिला म्हणतील, ‘आजी, तुम्हीही हसा,’ आणि ती समोर बघेल. त्या म्हातारीचं काय होईल? ते चित्र उतरव. नाही उतरवलंस तर मला बहीण म्हणू नकोस.

कात्सुए

*

टोकियो
२० सप्टेंबर २००३

कात्सुए,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. फोन केला तर भावोजींनी उचलला आणि ‘ती घरात नाही’ म्हणाले. मागून तुझा आवाज येत होता.

तू काय लिहिलंयस ते मला अजून उलगडत नाही. रडतेय? आई रडत नव्हती. ती हसत होती. मी बघितलंय.

तू लहान होतीस, तुला हे ठाऊक नसणार. मलाही तेव्हा गोवर होता. शिगेरु आणि मी आधी एकाच खोलीत होतो, मग त्याला पलीकडे हलवलं. तो गेला हे मला कुणी सांगितलंच नाही. विचारलं की आजी म्हणायची, त्याला मामाकडे धाडलंय. त्या दिवशी बाहेर माणसांची कुजबुज ऐकू येत होती. मला वाटलं, सणाबिणाची काही तयारी आहे. मी अंथरुणावरून सरपटत गेलो आणि सरकत्या दाराच्या फटीतून बघितलं. आई पाठमोरी होती. मग वळली. तोंड एवढं मोठं उघडलेलं, खांदे गदागदा हलताहेत, आणि आवाज मात्र काही नाही. लोकांत हसू आवरत नाही तेव्हा माणूस असंच तर करतं. मला बरं वाटलं बघ. म्हटलं, आई हसतेय म्हणजे काहीतरी छान चाललंय. मी परत जाऊन झोपलो.

पुढे मी बरा झालो आणि एक दिवस देव्हाऱ्यात शिगेरुच्या नावाची पाटी दिसली. मग मी हिशेब जुळवला. त्या दिवशी बाहेर काय चाललं होतं आणि आई काय करत होती.

त्या दिवसापासून मी तिला भ्यालो, कात्सुए. पोटचं पोर बाहेर नेत असताना हसणारी बाई! तिने वाढलेलं मी अर्धं ताटातच टाकायचो. शाळा संपल्या संपल्या मी टोकियोला पळालो, तो चित्रं काढायला नाही. तिच्यापासून लांब जायला.

कॅरॅमलवाल्यांनी हसरा चेहरा मागितला तेव्हा मी जुने फोटो भिंगाखाली घेऊन बसलो होतो. खांद्यामागे ती दिसली. तेच तोंड. मोठं केलं, आणखी मोठं केलं, ठिपके सुटे झाले तेव्हा कुठे मला तिच्याकडे बघवलं. रंग भरले तशी भीती कमी होत गेली. लोक बघून हसायला लागले. मला वाटलं, चला, आता ही सगळ्यांची झाली, माझी एकट्याची राहिली नाही. बारमधली बाई वगैरे मी उगाच ठोकून दिलं.

तो फोटो निशिनाने कुठल्या खणातून काढला ते मी बघितलंही नाही. पण तू म्हणतेस तशी मी थट्टा केलेली नाही. तूच सांग, रडणाऱ्या बाईला आवाज नसतो का? तू बाहेर अगदी दाराशी उभी होतीस. तू तरी काही ऐकलंस का?

यासुहिरो

*

नामेरिकावा
२४ सप्टेंबर २००३

दादा,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यातच मिटून ठेवलं.

नाही. मी काहीच ऐकलं नाही. आणि का ऐकलं नाही ते मला ठाऊक आहे. आत्ता ठाऊक झालं.

त्या दिवशी सकाळी आजी माझ्या कमरेला पट्टा बांधत होती. आई कोपऱ्यात होती. आजी तिच्याकडे न बघता म्हणाली, ‘आवाज काढायचा नाही. आई रडली की लेकराचा पाय निघत नाही. परलोकाच्या नदीच्या काठावरच दगड रचत बसतं, पलीकडे जात नाही. त्याला जाऊ दे.’ मला त्यातलं नदी तेवढं कळलं. मी म्हटलं, मी पण नदीवर येते. आजीने माझ्या पाठीत धपाटा घातला, म्हणून तर लक्षात राहिलं.

कळलं का तुला? तिने रडायचं तर रडून घेतलं, फक्त आवाज गिळला. तू फटीतून बघितलंस, मी आजीचं बोलणं ऐकलं, आणि आयुष्यभर आपण दोघांनी आपापला तुकडा उराशी धरून ठेवला. एकमेकांना दाखवला असता तर?

माझं काय झालं तेही ऐक. आम्ही स्मशानातून आलो तेव्हा तिने मला कोरड्या डोळ्यांनी भात वाढला आणि म्हणाली, ‘खा, निवेल.’ मला वाटलं, ह्या बाईला काळीज नाही. तीच गाठ मनात बांधून मी मोठी झाले. तिचं सगळं केलं, अजून करते, आठवड्यातून तीनदा वृद्धाश्रमात जाते, नखंसुद्धा मीच कापते. पण कधी तिच्या गळ्यात पडले नाही. तू पळालास, मी जवळ राहिले, आणि दोघेही तेवढेच लांब.

दादा, ती हसत नव्हती.

कात्सुए

*

टोकियो
३ ऑक्टोबर २००३

कात्सुए,

लिहायला बसतो आणि उठतो. दिवसच्या दिवस असंच चाललंय.

मी संग्रहालयात गेलो होतो. गर्दीत उभा राहिलो, कुणी ओळखलं नाही. तिचे डोळे बघितले. मीच तर काढलेत ते. एकेक ठिपका मी लावलाय, आणि डोळे मला कधी दिसलेच नाहीत. शेजारी एक बाप आपल्या पोराला खांद्यावर घेऊन म्हणत होता, ‘बघ, कशी हसते!’ मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं.

भोकाची फळी त्याच दिवशी काढायला लावली. निशिनाला खरं सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली आणि इतकी वाकली की तिला उठवावं लागलं. पण चित्र उतरवता येत नाही म्हणतात. तिकिटावर तेच, पत्रकावर तेच, सगळ्या करारांत तेच. खूप हातापाया पडलो तेव्हा तुमच्याकडे ते न पाठवायला तयार झाले आहेत, तेही वरिष्ठांची संमती मिळाली तर.

मी नामेरिकावाला येणार नाही. तब्येतीचं कारण देईन. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? दुसऱ्या कुणी तिला एवढं दुखवलं असतं तर मी त्याच्या उरावर बसलो असतो. तू आईला काही सांगू नकोस. तिला आता ह्या वयात काही कळायला नको. फीत कापायची काहीतरी सबब सांगून टाळ.

यासुहिरो

*

नामेरिकावा
९ ऑक्टोबर २००३

दादा,

पळपुट्या! शाळा संपल्यावर पळालास ते समजण्यासारखं होतं. आता चौसष्टाव्या वर्षी?

आणि सबब कसली सांगू? वृद्धाश्रमातल्या पोरींनी तुझं पत्रक आणून आईच्या पलंगासमोर भिंतीला चिकटवलंय. ‘आजी, तुमच्या मुलाचं!’ म्हणे. मी गेले तर समोर तेच. आईने चष्मा लावला होता. पत्रकाकडे बघत बसली होती. मला म्हणाली, ‘हे चित्र मोठं बघायचंय. मला ने.’

तेव्हा चित्र अडवू नकोस. येऊ दे. मी तिला आणते. तू तुझी तब्येत सांभाळ.

कात्सुए

*

नामेरिकावा
११ नोव्हेंबर २००३

दादा,

काल झालं. तू नव्हतास, म्हणून सगळं लिहिते. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आईला तिचा निळा किमोनो नेसवला. खुर्चीत बसून तिने फीत कापली. कात्री धड चालेना तेव्हा महापौर मदतीला आले, तर त्यांच्या हातावर चापट मारून म्हणाली, ‘बाजूला हो, बोट कापशील.’ सगळे हसले. ती खुशीत होती.

मी ठरवलं होतं की खुर्ची आधी पिशव्यांकडे, मग ट्रामकडे न्यायची, आणि त्या भिंतीसमोरून भरकन काढायची. तसं केलंही. पण भिंतीपाशी येताच तिने चाकाला हात लावला. ‘थांब. मागे घे.’

मी मागे घेतली. महापौर होते, गावातले निम्मे लोक होते. आई मान वर करून बघत राहिली. महापौर वाकून म्हणाले, ‘आजी, कशी छान हसतेय ना?’ आई म्हणाली, ‘हा बाजूचा दात बघ. शिगेरु गेला त्या वर्षी होता हा मला. पुढच्या वर्षी पडला.’ महापौरांना काही कळलं नाही. ते तसेच हसत उभे राहिले.

मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. म्हटलं, ‘आई, तुला ठाऊक होतं?’

‘माझं तोंड मला ठाऊक नसेल? कॅरॅमलचा पहिला डबा दुकानात आला तेव्हाच कळलं. म्हटलं, पोराने काढलंय, काढू दे.’

‘आणि तू काही बोलली नाहीस?’

‘काय बोलायचं? तो येतोय कुठे?’

दादा, मग मी विचारलं. इतके दिवस पोटात घोळवलेलं विचारून टाकलं. ‘आजीने सांगितलं होतं म्हणून तू आवाज काढला नाहीस ना? तो नदीकाठी अडकेल म्हणून?’

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून पाच वर्षांची आहे आणि काहीतरी बावळटासारखं बोलतेय. म्हणाली, ‘सासूबाईंचं कोण ऐकत होतं! नदी नाही आणि बिदी नाही. आपल्या देवळातले गुरुजीसुद्धा ते मानत नव्हते.’

‘मग?’

‘मोठा पलीकडे तापात पडला होता ना. त्याला सांगितलं नव्हतं. दोघांना एकच दुखणं. एक गेला हे दुसऱ्याने ऐकलं असतं तर त्याने धीर सोडला असता. मला वाटलं, हाही जाईल. म्हणून तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याच्या कानावर जायला नको होतं.’

मी तिचे दोन्ही हात धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा धरले असतील, असे. आजूबाजूला कुणीतरी ‘काय झालं, काय झालं’ विचारत होतं. निशिना तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आईने परत चित्राकडे बघितलं. मग मला हळूच विचारलं, ‘यासुहिरो आलाय का इथे?’

म्हटलं, ‘नाही. टोकियोला आहे.’

‘लांब आहे ना?’

‘लांब आहे, आई.’

‘त्याला ऐकू नाही ना जाणार?’

मी म्हटलं, ‘नाही जाणार.’

मग तिने तोंड उघडलं. तुझ्या चित्रातल्यासारखंच उघडलं. आणि ओरडली. ‘शिगे, शिगे’ करत ती अशी ओरडली की महापौर मागच्या मागे गेले आणि पहारेकरी दारातून धावत आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या छातीत एवढा आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी डॉक्टरला बोलवा म्हणालं. मी म्हटलं, कुणी हात लावू नका तिला.

खूप वेळ रडली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, भूक लागलीय.

दादा, तुला ऐकू जाणार नाही असं मी तिला सांगितलंय. त्यावर विसंबून ती मोकळी झाली. आणि मी हे तुला लिहून बसलेय, तेव्हा माझा शब्द मीच मोडला. मोडू दे. तू ऐकायला हवंस.

कात्सुए